अमावास्या वगळून

बेळगावच्या कोर्टात रघुवीर वकिलांची दोन गोष्टींसाठी ख्याती होती. समोरचा पक्ष कितीही तयारीनं आलेला असो, ते हसतमुखानं पुढची तारीख घेऊन बाहेर पडत, ही पहिली. आणि दुपारचा डबा झाला की बार रूमच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत ते बसल्याबसल्या गाढ झोपत, ही दुसरी. त्या खुर्चीवरचा पंखा असा होता की तो चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. ज्युनिअर मंडळी त्याच्याखाली उभीही राहत नसत. रघुवीररावांना मात्र दुसऱ्या कुठल्या पंख्याखाली झोपच येत नसे. आणि लाईट गेली की पाती फिरायची थांबण्याआधीच त्यांचा डोळा उघडे.

"काय वकीलसाहेब, निकाल लागला काय?" असं कुणीतरी विचारी.

"स्थगिती मिळाली," असं सांगून ते चष्मा पुसायला घेत.

यातली पहिली ख्याती कुटुंब न्यायालयात न्यायाधीश म्हणून नव्या मॅडम आल्या तेव्हा संपली. मॅडम मंगळूरकडच्या. आवाज बारीक, कन्नड स्वच्छ, आणि तारीख देण्याच्या बाबतीत हात अत्यंत आखडता. कुठलंही काम पुढं आलं की पहिल्याच दिवशी त्या ठरवून टाकत: अमुक गोष्ट कोण करणार, कधीपर्यंत करणार, आणि निकाल कोणत्या दिवशी. मग तो दिवस आभाळ कोसळलं तरी हलत नसे. ज्या कामात लहान मूल असेल तिथं तर स्थगितीचा शब्द उच्चारायची सोय राहिली नव्हती. रघुवीररावांनी तो एकदा उच्चारला. फक्त सहा महिने मागितले होते. मॅडमनी त्यांना वय विचारलं. चोपन्न, असं त्यांनी जरा ऐटीतच सांगितलं.

"या मुलीचं वय सहा आहे," मॅडम म्हणाल्या. "तिचे सहा महिने म्हणजे तुमची साडेचार वर्षं. तुम्हाला साडेचार वर्षं कुणी परक्या घरी ठेवलं तर चालेल का, विचार करून सांगा."

रघुवीररावांनी विचार केला आणि अर्ज मागं घेतला. ही मुलगी म्हणजे आरोही.

आरोहीचं प्रकरण कोर्टापर्यंत यायला तसं काहीच कारण नव्हतं. तिच्या मावशीचा प्रामाणिकपणा सोडला तर. ही मावशी म्हणजे वडगावची सुवर्णा. नवरा परसू, दुसऱ्यांच्या मागांवर कामाला जाणारे तीन दीर, घरात दिवसरात्र चालणारे चार यंत्रमाग, साड्यांचं काम. धाकटी बहीण बाळंतपणाला म्हणून आली ती परत गेलीच नाही, कारण तिचा नवरा गोव्याला कामाला गेला तो तिकडचाच झाला. आरोहीचा पाळणा दुसऱ्या आणि तिसऱ्या मागाच्या मध्ये तुळईला टांगलेला होता. पुढं कावीळ होऊन बहीण गेली. पोर मावशीजवळ राहिली. गल्लीत कुणाला यात काही विशेष वाटलं नाही.

पहिलीत नाव घालताना शाळेनं पालकाचा कागद मागितला. गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्याही बाईनं आईच्या जागी स्वतःचं नाव सांगून घरची वाट धरली असती. सुवर्णानं तसं केलं नाही. सरकारला विचारून करावं म्हणून ती एका कचेरीत गेली आणि पोरीला आईबाप न्हायत, कागद कसा काढायचा, असं सरळ विचारलं. तिथल्या साहेबांनी आस्थेनं चौकशी केली, पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात आरोही कंग्राळीच्या पलीकडं एका संस्थेच्या बालगृहात होती. तात्पुरती. मुलांचं बघणाऱ्या समितीची यात काही वाईट भावना नव्हती. निराधार मुलासाठी त्यांच्याकडं व्यवस्था होती, मावशीसाठी नव्हती. जवळचं योग्य माणूस नाही असं ठरलं तर मुलीला दत्तकासाठी मोकळी जाहीर करून लांबच्या जिल्ह्यात पाठवायचं, हेही रीतसरच होतं.

म्हणून सुवर्णानं रघुवीररावांना गाठलं आणि पालकत्वाचा अर्ज कोर्टात पडला. मॅडमनी समितीला थांबायला सांगितलं, पण निकालाच्या दिवसापर्यंतच. त्या दिवशी मावशी योग्य ठरली तर पोर घरी. न ठरली तर समितीचा रस्ता मोकळा.

रघुवीरराव निर्धास्त होते. नात्याचा पुरावा झाला, शेजाऱ्यांच्या साक्षी झाल्या. राहिली होती अधिकाऱ्यांची घरभेट. सुवर्णा विचारायला आली की साहेबांना कवा बोलवायचं, तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, आवशीला बोलवूया. वडगावात अमावास्येला माग बंद असतात. त्या दिवशी मागाची पूजा, गोडाचं जेवण आणि घर झाडूनपुसून लख्ख. रघुवीररावांच्या आईनं जन्मभर शहापूरच्या मागवाल्यांकडून साड्या घेतल्या होत्या, त्यामुळं विणकरांची अमावास्या त्यांना पाठ होती. उत्तम, असं त्यांनी सांगितलं. घर शांत, स्वच्छ, सगळी माणसं हजर. याहून चांगला दिवस कुठला?

भेटीला आलेल्या अधिकारी तेजस्वी नावाच्या तरुण बाई होत्या, समाजकार्य शिकलेल्या. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. पुढच्या तारखेला मॅडमनी तो अहवाल मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितला, आणि रघुवीररावांचा निर्धास्तपणा एकेका वाक्याला उतरत गेला.

कामाच्या दिवशी भर दुपारी घरातले चार पुरुष रिकामे बसून पत्ते खेळत होते. चारही यंत्रं बंद होती, त्यांना हळदकुंकू लावलेलं होतं. आज काय काम झालं असं विचारल्यावर घरमालकांनी काहीच नाही असं उत्तर दिलं. उत्पन्नाचं साधन दिसून आलं नाही. तरीही तुपातल्या पोळ्या वाढण्यात आल्या, त्या पाहणीपुरत्या असाव्यात. पुढं बालगृहाचं टिपण जोडलेलं होतं. मुलगी कमी बोलते, हातवारे करून उत्तर देते. रात्री झोपत नाही. उठून बसते आणि कान देऊन काहीतरी ऐकत राहते. पूर्वीच्या घरातल्या एखाद्या भीतीचा हा परिणाम असू शकतो.

मॅडमनी चष्म्यावरून रघुवीररावांकडं पाहिलं. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, 'पुढची' इतकं बाहेरही पडलं, आणि मग साडेचार वर्षं आठवून ते गप्प झाले. त्यांनी सुवर्णाला पुढं बोलावलं.

माग बंद का होते, असं मॅडमनी विचारलं. प्रश्न कन्नडमध्ये होता. सुवर्णाला कन्नड चांगलं येत होतं, पण घाबरल्यावर तिला मराठीच सुचे. मॅडमना ती कळत असे.

"आवस होती, मॅडम."

"मग अमावास्येलाच का बोलावलं?"

सुवर्णानं चकित होऊन त्यांच्याकडं पाहिलं. इतक्या शिकलेल्या बाईला हे कसं कळत नाही, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"पावणं येणार म्हटल्यावर त्येनला मागाच्या खडखडाटात बसवायचं व्हय? एकमेकाचं बोलल्यालं तरी ऐकू आलं पायजे की. आणि घरातली समदी माणसं बघायची म्हटलं हुतं त्येनी. इतर दिवशी समदी कामावर असत्यात, बघायला कोण गावणार?"

आणि पोळ्या, असं मॅडमनी विचारलं.

"आवशीला करतोच. कोर्टासाठी करतंय कोण?"

कोर्टात बसलेल्या दोघातिघांना खोकला आला. रघुवीरराव उभे राहिले आणि दिवस आपणच पसंत केला होता, तेव्हा दोष आपला, एवढं त्यांनी सांगून टाकलं. तेजस्वी मॅडमचा चेहरा पडला होता. त्या हुबळीकडच्या, डॉक्टरांच्या घरातल्या. मागाला सुट्टी असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला हवं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मॅडमनी तिथल्या तिथं ठरवलं. दुसरी भेट होईल, कामाच्या दिवशी, माग चालू असताना, आणि मुलीला बरोबर घेऊन. अर्जदाराच्या वकिलांना हजर राहता येईल, पण तोंड उघडता येणार नाही. निकालाचा दिवस आहे तोच राहील. वकिलाच्या तोंडाला कुलूप घालणारा तो हुकूम बार रूममध्ये चार दिवस गाजला. रघुवीररावांना बघून लोक ओठांवर बोट ठेवून नमस्कार करू लागले.

मंगळवारी सकाळी संस्थेची गाडी वडगावात आली आणि मागून स्कूटरवरून रघुवीरराव. गल्लीच्या तोंडापासूनच खडखडाट सुरू होता. घरात शिरल्यावर तो अंगात शिरे. परसू दारात हात चोळत उभा होता. पावण्यांना अशा गोंगाटात बसवायचं त्याला जिवावर आलं होतं. चहापुरते तरी बंद करू का, असं तो तेजस्वी मॅडमच्या कानाशी ओरडला. त्या ओरडल्या की हुकूम आहे, बंद करायचे नाहीत. हुकूम म्हटल्यावर परसूचा इलाज संपला.

आरोही गाडीतून उतरली ती रडली नाही, कुणाच्या गळ्यात पडली नाही. सरळ आत गेली आणि तिसऱ्या मागाच्या लाकडाला तळहात लावून जरा वेळ उभी राहिली. मग तिनं दोन माग पलीकडं उभ्या असलेल्या परसूकडं बघून बोटं तोंडाशी नेली. परसूनं हनुवटी स्वयंपाकघराकडं वळवली आणि दोन बोटं दाखवली. पोर आत जाऊन शेंगदाण्याचे दोन लाडू घेऊन आली. तेजस्वी मॅडम हे बघत राहिल्या. तासाभरात त्यांच्या ध्यानात आलं की या घरात दिवसा कुणीच कुणाशी तोंडानं बोलत नाही. सुवर्णा परसूला जेवायला बोलावते हातानं, तो थांब म्हणतो भुवईनं, शेजारीण दारातूनच मनगट फिरवून विचारते की सुताच्या कांड्या आहेत का, आणि उत्तर घेऊन जाते. बालगृहाला जी मुलगी अबोल वाटली होती ती इथं सकाळपासून अखंड बडबडत होती, हातांनी.

उंबऱ्यावर बसलेल्या रघुवीररावांना हे सगळं दिसत होतं आणि बोलायची बंदी होती. तीस वर्षांत त्यांनी असा जाच सोसला नव्हता. चहा पितानासुद्धा त्यांना दोनदा 'नोंद घ्यावी' म्हणायची ऊर्मी आली.

जेवणं झाली. आरोही भिंतीकडेला घडी करून ठेवलेल्या वाकळीवर आडवी झाली आणि बघता बघता झोपली. एका हाताच्या अंतरावर माग धडाडत होता, जमीन थरथरत होती, आणि ती बिनघोर. तेजस्वी मॅडमनी वाकून बघितलं, तिच्या अंगावर सुवर्णाचं लुगडं सारखं केलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं हे रघुवीररावांना कळायला मार्ग नव्हता. दमली असेल, असंही लिहिता येतं.

तेवढ्यात लाईट गेली.

चारही मागांचा जोर ओसरत गेला, शेजारचे थांबले, त्यापलीकडचे थांबले. सगळ्या गल्लीवर कुणी पांघरूण टाकावं तसं झालं. कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली. तेजस्वी मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला आणि ऐकू येतंय तोवर म्हणून सुवर्णाला सगळे राहिलेले प्रश्न भराभरा विचारायला सुरुवात केली. शाळा कुठली, जाणार कशी, आजारपणात कोण बघणार.

रघुवीररावांचं लक्ष मात्र वाकळीकडं होतं. शेवटचा माग पुरता थांबायच्या आत पोरीचा डोळा उघडला होता. ती उठून बसली, मान वळवली आणि मागांकडं कान देऊन राहिली. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी तो कधी पाहिला नव्हता, पण तो आतून कसा असतो हे त्यांच्याइतकं बेळगावात कुणाला माहीत नव्हतं.

त्यांचं तोंड उघडलं. तेजस्वी मॅडमनी वळून बघितलं. रघुवीररावांनी त्याची जांभई केली.

लाईट आली. माग धडधडू लागले. आरोही कुशीवर वळली आणि परत झोपली. तेजस्वी मॅडम तोवर आजारपणाच्या प्रश्नावर होत्या. वळून बघितलं तेव्हा त्यांना कोण दिसलं, रघुवीरराव की पोर, की दोघं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना. हुकमामुळं विचारताही येईना.

निकालाच्या दिवशी नवा अहवाल वाचला गेला. घरात काम आहे, उत्पन्न आहे, मुलीवर माया आहे आणि मुलगी या घरात मोकळी असते. पहिल्या भेटीतले निष्कर्ष चुकीच्या दिवसावर आधारलेले होते, असं तेजस्वी मॅडमनी स्वतःच लिहिलं होतं. रघुवीररावांना त्यांच्याबद्दल आदर वाटला. पण शेवटचा परिच्छेद अवघड होता. मुलगी दुपारी झोपली, प्रवासानं दमली असावी. बालगृहातल्या निद्रानाशाचं कारण समजलेलं नाही. घरातला आवाज काळजीचा आहे.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. कारण समजल्याशिवाय मी मुलीला तिथं कशी पाठवू, असं त्या म्हणाल्या. जिथं काहीतरी झालं म्हणून तिची झोप गेली तेच घर असेल तर? समिती थांबलेली आहे. आज एक तर हे, नाही तर ते.

सुवर्णा मागच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसली होती. तारीख मिळणार नव्हती, आणि पहिल्यांदाच रघुवीररावांना ती नकोही होती. त्यांनी तेजस्वी मॅडमना फक्त एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही, हा नियम त्यांनी ज्युनिअरांच्या तीन पिढ्यांना शिकवला होता. तो त्यांनी मोडला.

"लाईट गेली होती तेव्हा तुम्ही सुवर्णाबाईंना शाळेचं विचारत होता. त्या वेळी मुलगी काय करत होती?"

तेजस्वी मॅडमनी वहीची पानं मागं उलटली. कोर्टातला टाइपिस्ट बोटं वर धरून बसला.

"उठून बसली होती," त्या म्हणाल्या. "मी एकदा वळून बघितलं होतं. तुम्हाला काहीतरी बोलायचंय असं वाटलं म्हणून. ती मागांकडं बघत होती. ऐकत असल्यासारखी." त्यांनी वही मिटली. "लाईट आल्यावर परत झोपली. सर, बालगृहात रात्री ती तशीच बसते. तिथं शांतता असते."

पुढं त्यांना सांगायला लागलं नाही. रघुवीरराव खाली बसले. एक प्रश्न म्हणजे एक प्रश्न.

मॅडमनी मात्र शंका काढली. आवाजात झोप लागणं आणि शांततेनं जाग येणं, हे होतं का? कुणी तज्ज्ञ?

रघुवीरराव परत उभे राहिले. बार रूमच्या कोपऱ्यातला पंखा, त्याचा आवाज, आपली दुपारची झोप आणि लाईट गेल्यावर उघडणारा डोळा, हे त्यांनी पुराव्याच्या क्रमानं, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगितलं. या बाबतीत आपला अनुभव वीस वर्षांचा असून बारमधल्या कोणत्याही सभासदाला साक्षीला बोलावता येईल, असंही ते म्हणाले. मागच्या बाकावरून तीन सभासद आपण होऊन उठले.

"बसा सगळे," मॅडम म्हणाल्या. "हे टाइप करू नका." पण त्यांनी मान खाली घातली ती जरा जास्त वेळ खालीच राहिली.

निकाल त्यांनी तिथंच सांगितला. सुवर्णा मुलीची पालक. मुलगी आजच घरी जाईल. शाळेला कागद कोर्ट देईल. मात्र मागाजवळ झोपायचं नाही. आतल्या खोलीत तिची जागा करायची, तिथं आवाज पुरेसा आणि बेताचा पोचतो, हे तेजस्वी मॅडमनी पाहून सांगितलं होतं. कान तपासून घ्यायचे, आणि ते आजचं उद्यावर टाकायचं नाही. तीन महिन्यांनी अधिकारी पुन्हा घर बघतील. मग त्यांनी टाइपिस्टाला पुढचं वाक्य हळू सांगितलं, एकही शब्द सुटू नये म्हणून. ही भेट अमावास्या वगळून कोणत्याही दिवशी होईल, आणि पाहुण्यांसाठी माग बंद केले जाणार नाहीत.

व्हरांड्यात नेहमीचा कालवा होता. पुकारे, टाइपरायटर, चहावाला. निकालासाठी संस्थेनं आणलेली आरोही परसूच्या खांद्यावर बसून हातांनी काहीतरी सांगत होती आणि परसू भुवयांनी उत्तरं देत होता. सुवर्णाला रघुवीररावांचे आभार मानायचे होते, पण ते तोंडानं कसे मानतात हे तिला सुचेना. तिनं जेवायचं आमंत्रण दिलं.

"आवशीला या, वकीलसाहेब. पोळ्या असत्यात. निवांत बसून बोलता येतंय."

"आवशीला नको," रघुवीरराव म्हणाले. "दुसरा कुठला दिवस नाही काय?"

"दुसऱ्या दिवशी बोलल्यालं काय सुदिक ऐकू यायचं न्हाय."

"बोलायला कोण येतंय? जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं व्हायला जागा द्या, म्हणजे झालं. त्या वाकळीची जागा आता रिकामीच झाली आहे."

सुवर्णा बघतच राहिली. परसूला मात्र लगेच कळलं.

"मग मंगळवारी या," तो म्हणाला. "चारी चालू असत्यात."